सत्तेचाळीस पत्ते

चार बदाम आणि एक किलवर बाजूला काढायचं,
उरलेले सत्तेचाळीस पिसायचे,
काटायचे,
वरचा एकच उलटायचा.
दर खेपेला वहीत एक रेघ.
बदाम निघाला, तर कॉफीच्या डब्यात एक घेवड्याचा दाणा.
मग तो पत्ता परत गड्डीत, आणि पुन्हा पिसायचं.

लबकच्या दक्षिणेला, टेक्सासात,
सत्तावन्न सालचा हिवाळा.
वडील दिवसभर कापसाच्या जिनात हिशेब लिहायचे,
रात्री स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायचे.
भुवयांत सरकीचा भुगा तसाच.
मी नऊ वर्षांची. दाणे टाकायचं काम माझं.
पडदे ओढलेले, कारण समोर पाद्री राहायचा
आणि आमच्या चर्चला पत्ते चालत नव्हते.

शनिवारी ते टायरच्या दुकानामागे खेळायला जायचे.
तिथे ड्यूई स्कॅग्ज म्हणायचा,
पाचवा बदाम यायचा असला की माझा गुडघा ठणकतो.
त्याच्या गुडघ्यावर लोक पैसे लावायचे.
"असेल," वडील म्हणायचे,
"पण गुडघा हजार वेळा कोणी मोजलाय?"

पहिल्या हजारात दोनशे तीन.
दुसऱ्यात एकशे चौऱ्यांशी.
तिसऱ्यातले दाणे आईने रविवारी शिजवून टाकले,
चुकून की मुद्दाम, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.
आम्ही मुकाट्याने जेवलो.
सोमवारी तिसरं हजार पहिल्यापासून.

पत्ते मऊ पडले, मग चिकट.
इस्पिकच्या राणीचा कोपरा गेला,
ती पाठीवरूनही ओळखू यायला लागली, तेव्हा
वडिलांनी गड्डी चुलीत घातली आणि नवी आणली.
"ओळखीचा पत्ता खोटं बोलतो," म्हणाले.

नऊ भागिले सत्तेचाळीस.
हे उत्तर मला पुढे शाळेत फळ्यावर
अर्ध्या मिनिटात मिळालं.
मी धावत घरी आले. "एवढंच होतं, पपा!
दोन हिवाळे कशाला?"
त्यांनी कागद पाहिला, घडी करून खिशात ठेवला.
रागावले नाहीत.
"बरोबर आहे," म्हणाले, "पाचात एक, जरा कमीच.
पण एकतीस वेळा ओळीने बदाम आला नव्हता,
ती रात्र आठवते?
ती यात कुठे लिहिलीय?"

आठवत होती.
बाहेर वाळूचं वादळ, दिव्याची काच काजळलेली,
डब्यात काहीच वाजत नाही,
पिसणाऱ्या बोटांचा वेग मात्र तोच,
ना घाई, ना रुसवा.
आणि बत्तिसाव्याला बदामाची दुर्री.
त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मीच टाळी वाजवली.

ते श्रीमंत झाले नाहीत.
ड्यूईने एकदा गुडघ्याच्या भरवशावर
त्यांच्याकडून फोर्ड गाडी जिंकली,
ती तो चार वर्षं आमच्या दारावरून चालवायचा.
वडील हात करायचे.
म्हणायचे, "माझा डाव बरोबरच होता."
आई भांडी जरा जोरात ठेवायची.

ह्यूस्टनचा डॉक्टर तरुण होता.
छातीच्या फोटोवर पेन्सिल टेकवून, चाचरत म्हणाला,
ऑपरेशन करून वाचण्याची शक्यता,
म्हणजे बघा, पाचात एक. कदाचित जरा कमी.
बहुतेक लोक हे ऐकून रडतात, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.
पण आम्हा दोघांना हा आकडा
घरच्या माणसासारखा माहीत होता,
त्याचा आवाज, पत्र्यावर दाणा पडतो तसा,
आणि त्याचं न येणंही.

वडिलांनी शर्टाची बटणं लावली, सावकाश, वरपर्यंत.
"ठीक आहे," म्हणाले.
मग डॉक्टरच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले,
पत्ते वाटणाऱ्याच्या हातांकडे बघावं तसे,
आणि मला हळूच विचारलं,
"आयडेल, हा नीट पिसतो का गं?"