अठ्ठावीस विटा

गालसान म्हणाला, बॅटरी मोठी बसव.
दुप्पट. जमलं तर तिप्पट.
पेट्रोल परवडत नाही.

बाहेर उणे एकतीस.
माझं गॅरेज म्हणजे जहाजावरून उतरलेला कंटेनर,
समुद्रच नसलेल्या देशात,
उलानबातरच्या एका टेकडीवर.
गाडी वीस वर्षांची प्रियस,
जपानात कुणीतरी वापरून कंटाळलेली.
सुरू केली की आतली बाई अजून
जपानीत कसलंसं कार्ड घालायला सांगते.
गालसान तिला रोज हो म्हणतो.

मी मागची सीट काढली.
अठ्ठावीस विटा, किलो-किलोच्या,
शाळेच्या फोटोतल्यासारख्या दाटीवाटीनं बसलेल्या.
तीन मेलेल्या.

म्हटलं, ऐक.
ही काही पाण्याची टाकी नव्हे, काठोकाठ भरायला.
ही मुद्दामच अर्धी-मुर्धी रिकामी ठेवतात.
खिंडीतून उतरताना ब्रेक दाबतोस ना,
तेव्हा जे परत येतं त्याला टेकायला जागा लागते.
जागा नसली तर सगळा उतार
चाकांतून गरम होऊन निघून जातो.

मग मोठीत जास्त मावेल, तो म्हणाला.
मेंढ्या मोजण्यात जन्म गेलेला, हिशेबाला पक्का.

मावेल. पण चढावर तिलाही ओढायचंय.
आणि तू टॅक्सी चालवतोस, सिग्नल ते सिग्नल.
तिथं हाताला लागतं ते चिल्लर,
चिल्लरीला तिजोरी कशाला?
शिवाय या थंडीत इंजिन चालतं
ते निम्मं तुझ्या पायांच्या उबेसाठी.
तोवर बॅटरी, लहान काय नि मोठी काय,
बसून राहते लग्नातल्या पाहुण्यासारखी.

त्यानं वही काढली.
शंभर किलोमीटरला किती लिटर, दर आठवड्याला,
पेन्सिलीनं, एकही खाडाखोड नाही.
ऑक्टोबरनंतर आकडे एकदम वर.
ऑक्टोबरात काय झालं?
थंडी, म्हणाला.

मी डिकी उघडली.
आत लोखंडी चूल,
गोल तंबूत मधोमध असते तशी, धुराड्यासकट,
खाली बुरणुसाचा तुकडा घालून नीट ठेवलेली.
चाळीस किलो तरी.

दोल्गोरची, तो म्हणाला.
फ्लॅटमध्ये मुलगा ठेवू देत नाही.

ही काढलीस तर, असं म्हणायला
मी तोंड उघडलं,
दात आंबले थंडीनं, मिटलं.

तीन विटा बदलल्या. जुन्याच, दुसऱ्या गाडीतल्या;
कोरी वीट या रांगेत रुळत नाही.
बॅटरी होती तेवढीच ठेवली.
त्यानं वहीत तारीख लिहिली, रक्कम लिहिली,
लिटरचा रकाना मोकळा सोडला.

मग गाडी उताराला लावली.
तापलेलं इंजिन दोन वाव जाऊन गप्प झालं.
बाईही गप्प.
बर्फावर टायर, आणि मागं
चुलीचं झाकण तेवढं
वळणावळणाला वाजत गेलं.