ओळ एकोणतिसावी

वोरू शहर, जानेवारी, उणे तेवीस.
माझ्याकडे एक तक्ता आहे:
कंपनीला कुठून कुठून दुखापत होऊ शकते, त्याचा.
सत्तेचाळीस ओळी.
लाल, पिवळ्या, हिरव्या.

आम्ही ऊब विकतो. भुशाच्या भट्ट्या,
जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप,
अकराशे घरं, दोन शाळा, एक प्रसूतिगृह.
कुणी लांबून आत शिरून
एक झडप बंद केली
तर पहाटेपर्यंत काचांना आतून बर्फ धरेल.
संचालक विचारतात, म्हणजे नक्की किती युरो?
मी आकडा सांगते.
वाजणाऱ्या दातांचा भाव
मला अजून काढता आलेला नाही.

ओळ एकोणतिसावी:
निघून गेलेल्या माणसांची खाती.
तेवीस सापडली. बावीस निपचित.
उरलेलं एक रोज रात्री दोन दहाला जागं होतं,
चार मिनिटं थांबतं,
काही हलवत नाही, काही उचलत नाही,
जातं.

चोर असता तर घाई असती,
नाहीतर भलताच धीर.
हे म्हणजे झोपलेल्या लेकराच्या
कपाळाला कुणी हात लावून पाहावा, तसं.

माग काढला. दोन गल्ल्या सोडून, तळ्याकाठी.
आहतो लेपिक. एकतीस वर्षं भट्टीवर,
निवृत्त होऊन तीन.
पासवर्ड: बायकोचं नाव आणि लग्नाचं साल.
फोडायला अर्धं मिनिटही नको.

मी दार लावलं.
ओळ हिरवी झाली.
अहवालात लिहिलं, धोका निवारला.
आणि रात्री मुद्दाम थांबले.

दोन बाराला नियंत्रणकक्षातला
जुना, वायरचा फोन वाजला.
हा माझ्या तक्त्यात नव्हताच.
"आत जाता येत नाहीये,"
नाव नाही, राग नाही.

अनोळखी आवाजाला काहीही सांगायचं नाही,
असंच तर फसवतात.
हे मीच शिकवते सगळ्यांना
दर सहा महिन्यांनी, कॉफी-बिस्किटांसकट.
ओठांवर आलेला भट्टीचा आकडा
गिळला.

"आहतो," मी म्हटलं,
"तुमच्या खिडकीखालचा रेडिएटर
हात लावून बघा."

पावलं. खुर्ची सरकल्याचा आवाज.
बराच वेळ नुसता श्वास.

"गरम आहे."
"मग झालं तर."

सकाळी अठ्ठेचाळिसावी ओळ घातली:
नियंत्रणकक्षातला फोन.
रंगाचा रकाना
अजून भरलेला नाही.