डावी खाच

एकशे सदतीस चाकू आहेत माझ्याकडे,
सगळे घडीचे, खिशात मावणारे,
सगळे दस्तगीर शिकलगारांच्या हातचे, तासगावचे.
बायको म्हणते, एकानं तरी कधी कांदा कापा.

सोसायटीच्या सचिवपदावरून उतरलो
तेव्हा एक कोरी खतावणी घरी आणली होती.
तिच्यात जमेला चाकू, नावे टाकलेले पैसे,
आणि शेऱ्यात जे दिसेल ते.

सुरुवातीची मूठ म्हशीच्या शिंगाची, तीन पितळी रिबिटा.
शिंग महागलं तेव्हा शिसवी, रिबिटा दोन.
मग एक उन्हाळा नुसतं काळं बेकेलाइट,
वीज मंडळानं फेकलेल्या मीटरांचं.
पातं आधी ट्रकच्या पाट्याचं, गंजायचं, पण धार सोडायचं नाही;
पुढं करवतीचं, चकचकीत, जरा नाटकी.

शिक्का 'द'.
पुढं ठशाचं शेपूट तुटलं आणि 'द'चा 'ट' झाला.
कवठ्याच्या बाजारात एकानं असला चाकू
टोपण्णा लोहाराचा म्हणून मला चाळीस रुपयांत दिला.
मी गप्प बसलो.
त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं.

सावळजच्या एकाचं पातं झिजून झिजून
लिंबाच्या पानाएवढं उरलेलं.
डॉगरिजच्या खुंटावर त्यानं पाचर कलमं भरली,
म्हणाला, अठरा हजार. मी शेऱ्यात लिहिलं: अंदाजे.

आणि नऊ चाकू असे,
की नखाची खाच पात्याच्या उलट्या अंगाला.
शिक्काही तिरपा, एका ठिकाणी दोनदा उमटलेला.
मी वहीत लिहिलं: सदोष, नऊ नग.
भावही तसाच पाडून घेतला होता.

परवा ते नऊ रुमालात बांधून त्या बोळात गेलो.
दस्तगीर जाऊन बारा वर्षं झाली.
लेक बसते आता तिथं, शमशाद,
शिंप्यांच्या कात्र्या आणि मिक्सरची पाती घेऊन.
फळीवर रुमाल सोडला.
तिनं एक उचलला, माझ्याकडंच बघत उघडला,
डाव्या हातानं, एका झटक्यात.

"अब्बांचा हात भाजला होता त्या साली.
पाणी द्यायच्या तेलाचा भडका उडाला.
कलमाचे दिवस तोंडावर, लोकांचे पैसे घेतलेले.
मी सोळाची.
खाच कुठल्या अंगाला असते, कुणी सांगितलं नव्हतं.
मला उघडंल तिकडं मारली."

"मग ते काही बोलले?"

"बोलायचं काय. पट्टी बांधलेल्या हातानं
शिक्का मारून दिला."

शेजारच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता.
मी रुमालाची टोकं उगाच जुळवत बसलो.

"यातला एक ठेवून जावा," ती म्हणाली.
खरं सांगतो, माझ्या मनात आधी आलं,
नऊचे आठ होतील.
मग ज्याच्या बिजागरीला गंज होता तो पुढं केला.
तिनं तो नीट परत ठेवला
आणि चौथा उचलला.
चौथाच सगळ्यांत चांगला होता.
तिला ते कळणारच.

घरी येऊन 'सदोष' खोडलं.
वर काय लिहावं सुचेना.
कारागिराला रकानाच आखला नव्हता मी,
एकच नाव होतं, ते मुखपृष्ठावर घातलेलं,
आणि पानं कडेपर्यंत भरलेली.
शेवटी समासात, आडवं, बारीक अक्षरात:
शमशाद दस्तगीर शिकलगार, वय सोळा.

खाली नोंद:
तिलाच परत, एक नग.
किमतीचा रकाना अजून रिकामा आहे.
हिशेब तपासायला आता कोणी येत नाही, तरीसुद्धा.

उरलेल्या आठांतला एक रोज डाव्या हातानं उघडून बघतो.
नख घसरतं.