लाइट गेली की

साखर पेठेत लाइट गेली की
सगळे माग एकदम गप्प व्हायचे
आणि आम्ही दोघं भाऊ घाबरायचो.
बाकीची पोरं अंधाराला भ्यायची,
आम्ही शांततेला.
शांतता म्हणजे नायना घरी येणार.

खटखट चालू असेपर्यंत आमचंच राज्य.
विड्यांच्या सुपात गोट्या, पत्र्यावर उड्या,
अम्मा तंबाखूच्या हातानं कपाळ पुसत म्हणायची,
दमानं रे, लाइटचा काय भरोसा.

नायनांना कमी ऐकू यायचं.
तीस वर्षं मागाशेजारी उभा राहिलेला माणूस
कुजबुजला तरी ओरडल्यासारखा वाटतो,
आणि ते कुजबुजत नसत.
कोनाड्यात एक बाद झालेला धोटा होता.
पाढा चुकला, धोटा.
दूध सांडलं, धोटा.
अंबादासनं एकदा विचारलं, का?
त्याला दोनदा.

मी शहाणा झालो.
माझं खोटं इस्त्री करून घडी घातलेलं असायचं,
एक सुरकुती नाही.
अंबादास बोलायचाच थांबला.
सतराव्या वर्षी भिवंडीच्या गाडीत बसला,
आता दिवाळीला फोन करतो : बरंय. ठेवू?

समोरची राजव्वा अजून म्हणते,
बापानं शिस्त लावली म्हणून थोरला मार्गी लागला.
मी मान हलवतो.
मान हलवणं तेवढं पक्कं शिकलोय.

एकदा डबा घेऊन कारखान्यात गेलो होतो.
धागा तुटला. नायनांनी माग थांबवला,
बोट जिभेला लावून ओलं केलं,
दोन्ही टोकं जवळ घेतली
आणि गाठ मारली, इतकी बारीक
की टॉवेल वापरणाऱ्याला आयुष्यात लागणार नाही.
शिवी नाही. हात उगारणं नाही.
पाच मिनिटांनी परत तुटला.
परत तसंच.
कडक भाकरीचा डबा छातीशी धरून
मी उभा होतो, सुताचा हेवा करत.

मौनिका सात वर्षांची आहे.
तिच्यावर मी कधी हात उचलला नाही.
आवाज मात्र नायनांचाच, तो कोनाड्यात ठेवता येत नाही.
पाहुणे म्हणतात, काय वळण आहे पोरीला,
दारातल्या चपला बघा कशा ओळीत.
मी बघतो.

काल रात्री लाइट गेली.
पंखा थांबला, आणि स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं.
मी काही बोलायच्या आतच
अंधारातून आवाज आला,
मी नाही पप्पा, आपोआप पडला.
एक सुरकुती नाही.

मोबाइलच्या उजेडात गुडघ्यांवर बसलो.
मोठे तुकडे उचलता येतात,
बारीक काच ओल्या बोटाला चिकटते.
मी बोट जिभेला लावलं
आणि थोडा वेळ तसाच थांबलो.

रागावलात?
नाही, म्हणालो.
मोठ्यानं निघालं ते. ती दचकली.
मग परत म्हणालो,
तिच्यापुरतं.