घंटा

काल रात्री उशिरापर्यंत शिवत होते त्यांचे कपडे.
निळं कापड, त्यावर पिवळे शिंपले.
मावुसीचं माप घेता येत नाही,
टेप काखेला लागली की ती हसत खालीच बसते.
अकोफाला मानेवर शिवण टोचते,
म्हणून तिचा झगा उलटा, दोरे बाहेर.
असू दे. नाचताना कोण बघतंय दोरे.

एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी,
मधे केताची ही वाळूची पट्टी
आणि तिच्यावर आमची शाळा.
आज पटांगणात प्लास्टिकच्या खुर्च्या,
पुढच्या रांगेत जिल्ह्याचे साहेब.
लिहून आणलेल्या भाषणात
‘बिचारी’ हा शब्द तीनदा आला. मी मोजला.

मग दोद्झी मास्तरांनी ढोलाच्या खुंट्यांवर पाणी शिंपडलं
आणि लोखंडी घंटा
माझ्या सेलासीच्या हातात दिली.

सेलासी. एकोणीस वर्षांचा.
घरी दाराची कडी लावतो, काढतो, लावतो, काढतो,
दिवेलागणीपर्यंत.
किती ओरडले असेन मी.
एकदा तर कडीच उपटून टाकली,
तेव्हा भोकात बोट घालून बसला दिवसभर.

घंटेला दोन तोंडं, एक जाड, एक बारीक.
सात ठोके. पुन्हा सात. पुन्हा तेच सात.
ढोल वाटेल तिथे भटकतात, भांडतात, परत येतात;
घंटेनं जागचं हलायचं नाही.
मास्तर म्हणाले, शहाणी पोरं कंटाळतात,
ठोक्यांना नक्षी काढू लागतात.
हा नाही कंटाळत.

एनाम गाण्याचे शब्द विसरली.
विसरली तर विसरली, तिनं दुपारचं जेवण गायलं:
बांकू, मिरची, तळलेली मासळी.
आणि मागच्या बायका, ज्यांचं कामच मागून म्हणणं,
म्हणाल्या, बांकू, मिरची, तळलेली मासळी,
इतक्या गंभीरपणे, जणू पूर्वजांना बोलावताहेत.
पूर्वजही उपाशीच असतील म्हणा.

मावुसी कोपरं पसरून, पाठ मिटत-उघडत,
पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखी
थेट साहेबांपुढे गेली. हात धरला.
उठावंच लागलं त्यांना.
डावा पाय टाकायचा तिथे उजवा,
उजवा टाकायचा तिथे दोन्ही.
ताल सापडेना. बिचारे.

ढोल थांबले. टाळ्या झाल्या.
पोरांनी खुर्च्या एकात एक रचल्या.
सेलासी वाजवतच होता.

मी उठले, सवयीनं, ‘पुरे’ म्हणायला.
मास्तरांनी मनगट धरून खाली बसवलं.
ऐक तरी एकदा, म्हणाले.

बसले वाळूत, उसवलेला एक दोरा बोटाला गुंडाळत.
तिसरा आणि चौथा ठोका अगदी चिकटून येतात,
मग थोडी जागा, मग पुढचा.
कडीचंही असंच होतं का?
आठवून पाहिलं.
आठवेना. मी तेव्हा ओरडत होते.