धाकटीवर माणसं कमी

मालाडला, सहाव्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत
माझ्यासमोर दोन यंत्रं.
थोरली टेबलाखाली, पांढरी, जाडजूड, तोंडातून शब्द न काढणारी.
धाकटी हातात मावणारी, अर्ध्या तासात तापणारी,
कानाशी धरली तर शेजारच्या घरातला मिक्सर.

खेळ एकच. नदी, दगडी पूल, पलीकडे कंदिलांचा बाजार.
मी फरक लिहायचा.
मला पगार फरकाचाच मिळतो.

थोरलीवर डबक्यात कंदील दिसतो, कंदिलात वात,
वातीभोवती एक किडा,
त्याला कुणीतरी कुठेतरी बसून
महिनाभर पंख लावले असणार.
धाकटीवर डबकं नुसतं चकाकतं,
घासून उपडं घातलेल्या ताटासारखं.

थोरली सेकंदाला साठ चित्रं काढते.
धाकटी तीस कबूल करते,
पुलावर घोडा दौडवला की बावीस देते.
मी लिहिते : पुलावर अडखळ, तीव्रता मध्यम.
सावल्या थोरलीवर कडेला विरत जातात,
धाकटीवर कात्रीने कापलेल्या.
गवत थोरलीवर गुडघाभर,
धाकटीवर शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचं डोकं.
आणि डोंगरांच्या जागी धुकं.
"जे काढायला जमत नाही तिथे धुकं सोडतात गं,"
जोसलिननं पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं,
डबा उघडता उघडता.

गुरुवारी बाजार मोजला.
कुणी सांगितलं नव्हतं.
धाकटीवर चालताना खांद्याला काही लागत नव्हतं, एवढंच.
थोरलीवर चौसष्ट.
धाकटीवर तेवीस.
दोनदा मोजले, मग जोसलिनकडून मोजून घेतले.
कासार गेला. चटईवर झोपलेला गेला.
कडेवर मूल घेतलेली गेली, मूल अर्थात तिच्याबरोबर.
मसाल्यांच्या दुकानात तराजू उरलाय, तराजूवाली नाही.
पारडं मात्र वरखाली होतंय,
हात नसताना.

नोंद केली. संध्याकाळपर्यंत ओजस बर्वेचं उत्तर :
ठरवूनच कमी केलीत, नाहीतर धाकटी ओढत नाही.
पारड्याचं बघतो.
पारड्याचं कुणी बघितलं नाही.

खेळ दिवाळीत बाजारात आला.
चारकोपला आमच्या घरी धाकटीच आहे,
लॅमिंग्टन रोडवरून जुनी घेतलेली, डावी कांडी सैल.
खेळतात मामंजी.
मालवणी डेपोचे कंडक्टर, निवृत्त,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, पडून राहा,
तेव्हापासून ते घोड्यावर.
पुलाजवळ आले की उतरतात, लगाम धरून चालत नेतात.
"बिचकतो तो तिथं."
मी अडखळ म्हणाले नाही. तीव्रताही सांगितली नाही.

एका रात्री ते मसाल्यांच्या दुकानापुढे नुसते उभे.
पाच मिनिटं, सात मिनिटं.
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
म्हटलं, मामंजी, तिथे कुणी नाहीये.
मोठ्या मशीनवर आहे एक बाई, या मशीनला झेपत नाही म्हणून काढली.
त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही.
"आहे गं. सुट्टे सांडलेत तिचे, खाली वाकलीय.
आपण पुढं निघालो तर
म्हणेल, गिऱ्हाईक पळालं."
अडतीस वर्षं लोकांना सुट्टे दिलेला माणूस.
मी गॅस बंद करायला गेले.

दुसऱ्या दिवशी थोरली लावली.
काम नव्हतं, तो खेळ आमच्यासाठी संपला होता.
बाजारात शिरले, चौसष्टांतून वाट काढत.
तराजूवाली होती.
नाकात खडा, भुवईत एक पांढरा केस,
बोटांच्या पेरांत हळद.
दर चार सेकंदांनी पापणी लवते.
मी अर्धा तास बघत उभी राहिले.

ती एकदाही वाकली नाही.