आधी अर्धं काढून टाक

मार्केट्टा गेली अ‍ॅरिझोनाला, बहिणीकडे,
हाडं उन्हात घालायला.
तीनच महिने, म्हणाली.
मागे फ्रीजच्या दारावर चिठ्ठी:
बरणीला दर शनिवारी खायला घाल.
आधी अर्धं काढून टाक.

आर्वो निस्कानेननं एकतीस वर्षं
मिशिगनच्या वरच्या टोकाला
रस्त्यांवरचा बर्फ ढकलला.
ढकलला. टाकला नव्हे.
या कडेचा त्या कडेला.
टाकणं त्याला जमत नाही.
त्याच्या शेडमध्ये डबे हरवलेली झाकणं आहेत
आणि एका खिळ्यावर
१९८४च्या ट्रकची किल्ली.

तर पहिल्या शनिवारी त्यानं अर्धं काढलं
आणि कॉफीच्या डब्यात ठेवलं.
दुसऱ्या शनिवारी लोणच्याच्या बाटलीत.
तिसऱ्या, चौथ्या...
फेब्रुवारी संपता संपता
फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नाही.
एका रात्री दोन वाजता झाकण उडालं.
तो फावडं घेऊन खाली आला.
पीठ फळीवरून सावकाश उतरत होतं,
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं.
उतू नको, मातू नको,
अशा अर्थाचं काहीतरी फिनिशमध्ये पुटपुटत
त्यानं ते पुसलं,
आणि पुसलेलंही
वाटीत निथळवून ठेवणार होता,
पण लाज वाटली.

सोमवारी शाळा बंद.
सरोवराकडून आलेल्या बर्फानं
टपालपेट्या गिळल्या.
शेजारच्या शॅननला दवाखान्यात पाळी,
म्हणून कोल्बी आणि इंग्रिड
बुटांसकट आर्वोच्या स्वयंपाकघरात.

कोल्बीनं एकेक झाकण उघडून हुंगलं.
"हे मेलंय?"
"नाही."
"मग हे कशाची वाट बघतंय?"

यावर आर्वोला उत्तर सुचलं नाही.
त्यानं वाफलचा साचा काढला,
लग्नातला, डावीकडे जास्त तापणारा.
दोन अंडी, वितळलेलं लोणी, साखर.
चिमूटभर सोडा पडला मात्र,
सगळं आंबट पीठ फसफसून उठलं,
इतके दिवस कुणी विचारलंच नाही म्हणून
बोलायचं राहिलेल्या माणसासारखं.
पहिला वाफल चिकटला.
"पहिला चिकटतोच," आर्वो म्हणाला,
जन्मभर हेच केल्यासारखा.

"लाल फळं हवीत," इंग्रिड म्हणाली.
फ्रीझरच्या तळाशी एकच डबा होता.
थिंबलबेरी. ऑगस्ट.
मार्केट्टाचं उजवीकडे पडणारं अक्षर.
हे फळ तोडताना बोटांतच विरघळतं,
डबाभर गोळा करायला
अख्खी सकाळ जाते, मनगटं ओरखडतात,
आणि तिघांपैकी एक फळ तोंडात जातं,
ते ती कधी कबूल करत नाही.
खाली बारीक लिहिलेलं: नाताळसाठी.
नाताळ होऊन नऊ आठवडे झाले होते.
तीन महिने होऊन तीन.

तो अक्षर वाचत होता तोवर
इंग्रिडनं झाकण उपटलं
आणि बर्फाळ फळांची मूठ
पिठात टाकली.

पीठ आधी गुलाबी झालं,
मग हट्टी जांभळं.
साच्याच्या कडेनं रस गळून जळाला,
घरभर करपलेल्या साखरेचा वास.
वरून कडक, आतून ओलसर,
प्रत्येक चौकोनात लाल थेंब साठलेला,
जिभेला आधी आंबट, मग गोड,
मग पुन्हा आंबट.
कॉफीचा डबा संपला. लोणच्याची बाटली संपली.
तिघांनी उभ्यानंच खाल्लं.
कोल्बीनं अठरापर्यंत मोजलं,
पुढे त्याचं तोंड भरलेलं होतं.

फोन वाजला.
"बरणी आहे ना रे?"
तिच्या मागे कुठलासा पक्षी ओरडत होता,
आर्वोच्या ओळखीचा नव्हता.
"आहे."
"अर्धं टाकतोस ना?"
त्यानं इंग्रिडच्या लाल हनुवटीकडे पाहिलं.
"आज संपवलं," तो म्हणाला.
"तुझी फळंही."

पलीकडे थोडा वेळ फक्त पक्षी.
"बरं झालं," मार्केट्टा म्हणाली.
"मी विसरलेच होते ती."

विसरली नव्हती. त्याला ठाऊक होतं.
कधी येतेस, हे त्यानं विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.
साचा गार होताना टिकटिक करत राहिला.
मग त्यानं डबा धुतला,
झाकण शोधलं, सापडलं नाही.

सोमवार होता,
तरी बरणीला खायला घातलं.